मोठेबाबांचा चिनी शब्द

मला चिनी भाषेतला एकच शब्द येतो. पाणी येत नाही, भाकर येत नाही, नमस्कारही येत नाही. एका राजाचा निरोप घेऊन दुसऱ्या राजाच्या मुलखात जाणाऱ्या माणसाला तिकडे काय म्हणतात, तेवढंच येतं. मागे पुण्याला नातवाकडे गेले होते, तेव्हा त्याने मोबाइलकडून तो शब्द वदवून घेतला आणि वर मला शहाणपण शिकवलं, की आजी, हा पुस्तकातला भारदस्त शब्द आहे, रोजच्या बोलण्यात कोणी वापरत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे वापरत होते. मेडशीपासून कोसभर आत, कुडाच्या घरात, निंबाखाली बाज टाकून वापरत होते. तो हसला. त्याला वाटलं, आजी थट्टा करते.

शब्द आहे षिजऽ. आपल्या अक्षरांत तो नीट मावत नाही, पण त्याहून बरा मला लिहिता येत नाही. तो मला मोठेबाबांनी शिकवला. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. फौजेत होते, चीनच्या लढाईत पकडले गेले, काही महिने तिकडच्या कैदेत काढून परत आले तेव्हा डाव्या पायाची तीन बोटं बर्फाने खाल्लेली होती. फौजेने त्यांना घरी पाठवलं. मला समजायला लागलं तेव्हापासून ते मला घरीच आठवतात. लग्न केलं नाही. शेतात फार वेळ उभं राहता येत नसे म्हणून घरातली बसून करायची कामं त्यांच्याकडे असत. तूर निवडणं, अंबाडीचे दोर वळणं, आणि मला अभ्यासाला बसवणं. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड, असं माय म्हणायची, कारण माझ्या जिभेला हाड नव्हतं आणि बूड एका जागी टिकत नव्हतं.

घरात आम्ही पाचजण. आजा, बाबा, माय, मोठेबाबा आणि मी. रेशनच्या लाल ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. सणाला पुरणाऐवजी गुळाच्या कण्या. मोठेबाबा भाकरीचा चतकोर तुकडा नेहमी बाजूला ठेवत आणि सगळ्यांचं आटोपल्यावर खात. कोणी येईल म्हणून ठेवता का, असं मी एकदा विचारलं तर मायने मला चिमटा काढला. उन्हाळ्यात दुपारी टिनाचं छप्पर तापून कडकड वाजायला लागलं की ते जिथे असतील तिथून उठून बाहेर निंबाखाली येत. बर्फही असाच वाजतो म्हणत, पाय ठेवायच्या आधी. मी तेव्हा बर्फ फक्त वाशिमजवळच्या मालेगावच्या बाजारात, लाकडाच्या भुशात ठेवलेला पाहिला होता. तो वाजतो हे मला माहीत नव्हतं.

त्या निंबाखाली भर बारा वाजता त्यांच्याकडे कोणीतरी येत असे. गल्लीत चिटपाखरू नसायचं, कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडलेली, आणि मोठेबाबा बाजेवर सरकून बाजूला जागा करत. बोलत नसत. नुसते मान खाली घालून बसत, मास्तरांनी उत्तर विचारावं आणि ते येऊ नये तसे. मला भीती वाटायची. खोटं कशाला सांगू, आजही बारा वाजता रिकाम्या बाजेकडे मी पाहत नाही. एकदा धीर करून विचारलं, कोण येतं? ते म्हणाले, नामदेव येतो. कामरगावचा. माझ्यासंगं होता. मग म्हणाले, काही मागत नाही बिचारा, नुसता वाट पाहत बसतो.

नामदेवची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी काढत नव्हतं. पकडल्यानंतर डोंगरातून चालवत नेताना नामदेव मांडीतल्या गोळीने गेला. मोठेबाबांच्या मांडीवर डोकं ठेवून, दुपारच्या बाराला. जाताना त्याने घरी सांग म्हणून काही सांगितलं होतं. सुटून आल्यावर मोठेबाबांनी साहेबाला सगळं लिहून दिलं. साहेबाने कागद पुढे पाठवला, आणि पुढून कामरगावला इंग्रजीत टाइप केलेला एक कागद गेला. तो कागद तिथल्या शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवला, तेव्हा नामदेवच्या आईने तो घडी करून देव्हाऱ्यात ठेवला आणि म्हणाली, कागद काय मेलेल्याच्या उशाशी बसला होता? ज्याने डोळ्याने पाहिलं तो माणूस दारात येऊन सांगेल, तेव्हा मी मानीन. आमच्याकडे रीतच तशी होती. मौतीची खबर माणसाने पायी आणायची असते. डाकेने लग्नाची पत्रिका येते.

हे आम्हाला कळायचं कारण माझ्या मायचं माहेर कामरगावचं. दर दिवाळीला ती तिकडची खबर घेऊन यायची. नामदेवची बायको लक्ष्मी अजून कुंकू लावते. तिचे भाऊ दोनदा गाडी घेऊन आले, पाट लावून देतो म्हणाले, त्या लोकांत पाट लावायची चाल होती. पण सासूने दोन्ही वेळा परत पाठवलं, की माझा लेक जिता असताना तुमच्या बहिणीले दुसरा नवरा कसा? लक्ष्मी काही बोलली नाही म्हणे. मायने हे चुलीपुढे सांगायला सुरुवात केली की मोठेबाबा ताटावरून उठत. आणि कोपऱ्यात बसलेला आजा भाकरी चावायचं थांबवत नसे.

आता आजाचं सांगायला हवं. आजाने अर्धं आयुष्य महारकी केली. कोणाच्या घरी मौत झाली की त्याची खबर पाहुण्यांच्या गावी पोचवायची हे त्याचं काम. ऊन असो, नदीला पूर असो. पोचला की अंगणाच्या कडेला उभं राहायचं आणि तिथूनच हाळी द्यायची. त्याला वाटेवर येताना पाहूनच बायका रडायला लागत. खबर नेणाऱ्याला वरून टाकलेली भाकर मिळे, आणि कधी शिव्या, मेल्याचं काळं तोंड दिसलं म्हणून. एकदा काटेपूर्णेला पूर होता, आजा अडकून पडला, खबर दीड दिवस उशिरा पोचली आणि मातीला लेक पोचू शकला नाही. त्या घरच्यांनी त्याला बैल बांधायच्या खुंट्याजवळ मारला. पुढे दीक्षा घेतली त्या दिवशी त्याने दोन्ही पोरांना समोर बसवून वचन घेतलं, की या घरातून आता कोणाच्या मौतीचा सांगावा जाणार नाही. घर जळालं तरी जाणार नाही. अख्ख्या वस्तीने तसंच ठरवलं होतं, पण आजाने ते हाडात मुरवून घेतलं. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. आणि मोठेबाबांकडे सांगायला होतं ते नेमकं तेच, नामदेवच्या, म्हणजे एका पाटलाच्या घरी, अंगणातून आत न्यायची मौतीची खबर.

शब्द मी शिकले तो पाढे पाठ करायच्या दुपारी. मला सतराचा पाढा येत नव्हता आणि मोठेबाबा कंटाळले होते. म्हणाले, चाल, तुले चिनी शिकवतो. कैदेत एक तरुण दुभाषा होता, हिंदी बोलायचा, मोडकीतोडकी. सगळ्यांना घरी पत्र लिहायची परवानगी मिळाली त्या दिवशी मोठेबाबांनी त्याला विचारलं होतं, की तुमच्यात निरोप नेणाऱ्याला काय म्हणतात? त्याने आधी डाकवाल्याचा शब्द सांगितला. मोठेबाबा म्हणाले, तो नाही. जो स्वतः जातो, ज्याच्या तोंडात दुसऱ्याचा शब्द असतो, तो. मग त्या पोराने काठीने जमिनीवर दोन अक्षरं काढली आणि सांगितलं, हा मोठा शब्द आहे, दरबारातला. दोन राजे एकमेकांचे गळे कापत असले तरी या माणसाला कोणी हात लावत नाही. त्याला आत बोलावतात, बसायला देतात, त्याचं बोलणं पूर्ण होईस्तोवर राजासुद्धा मधे बोलत नाही.

मोठेबाबांनी कोळशाने ती अक्षरं सारवलेल्या जमिनीवर काढली. पहिल्याच्या डाव्या अंगाला दोन रेघांचा माणूस उभा. तो मला लगेच ओळखू आला. मग उच्चार. ष म्हणताना जीभ मागे वळवायची आणि सूर वर न्यायचा, 'कोन?' विचारतो तसा. जऽ म्हणताना सूर खोल खाली बसवायचा आणि शेवटी थोडा उचलायचा, ओझं उचलताना निघतो तसा. पन्नासदा तरी म्हणवून घेतला माझ्याकडून. माझा सूर चुकला की ते चिडत. पाढे चुकल्यावर ते कधी चिडले नव्हते. शेवटी जमला तेव्हा म्हणाले, आत्ता तो खाली बसला. मी शेणाने पुसायला गेले तर म्हणाले, राहू दे आजच्या दिवस.

आजा हे सगळं कोपऱ्यातून पाहत होता. त्याने विचारलं, काय लिहिलं? मी मोठ्या ऐटीत अर्थ सांगितला. आत बोलावतात, बसायला देतात, हात लावत नाहीत. आजा खूप वेळ त्या अक्षरांकडे पाहत बसला. मग म्हणाला, "त्याहिच्यातले राजे बरे दिसतात." आणि तंबाखू मळायला लागला.

त्यानंतर काही दिवसांनी रेडिओवर बातमी आली. मोठेबाबांचा रेडिओ चामड्याच्या खोळीत असे आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नसे. चीन आणि आपलं सरकार, दोघं पुन्हा एकमेकांकडे राजदूत पाठवणार, असं त्या बाईने सांगितलं. इतक्या वर्षांनी. मोठेबाबांनी रेडिओ बंद केला. मला राहवलं नाही, मी बोलून गेले, आणि त्या बोलण्याचा जाब मी आयुष्यभर स्वतःला देत आले आहे. मी म्हटलं, "मोठेबाबा, सरकारचा षिजऽ चालला. नामदेवचा कवा जाईन?"

बाबांनी मला मारायला हात उचलला होता, तो आजाने अडवला. मी मग थांबलेच नाही. सांगावा नेणारा सांगाव्या वेगळा आणि षिजऽ वेगळा, असं मी आजाला समजावलं. सांगाव्याला पाठवतात, षिजऽ आपण होऊन जातो. सांगाव्या कडेला उभा राहतो, याने बाजेवर बसून सांगायचं. तेरा वर्षांची पोर, पण वकिलासारखी बोलले. मला वाटत होतं की शब्द बदलला की सगळं बदलतं. शाळेत मी हुशार होते ना.

मोठेबाबा आजापुढे जाऊन बसले. म्हणाले, "बा, मी एकदा कारंज्यापर्यंत गेलतो. तिथून वापस आलो. तुमचं वचन होतं म्हनून आलो, असं मी समजत होतो. पन भेव बी होतं. आता मले काई समजत नाई, त्यातलं किती वचन होतं अन् किती भेव."

आजा म्हणाला, "मी कोनाच्या घरी मौत नेली का ते माह्या तोंडाकडं पाहत. मानूस म्हनून नाई, मौत म्हनून. तुह्याकडं तसं कोनी पाहू नये म्हनून वचन घेतलं. तुले मुकं कराले नाई घेतलं." मग म्हणाला, "जा. कडंले उभा राहू नको."

दोन दिवसांनी आम्ही निघालो. मी हट्टाने बरोबर गेले. त्यांना एसटीत चढताना हात लागायचा हे निमित्त, खरं कारण म्हणजे शब्द माझा होता असं मला वाटत होतं. मोठेबाबांनी फौजेचा कोट घातला, चैताच्या उन्हात. मायने भाकरी बांधून दिल्या. मालेगाव, वाशिम, मग कारंजा, आणि तिथून कामरगाव. आमचं सगळं तेव्हा अकोल्यात मोडायचं, वाशिमचा जिल्हा फार पुढे झाला. कारंज्याच्या स्टँडवर ते बाकावर बसले आणि उठेनात. मी म्हटलं, गाडी लागली. मग उठले.

घर शेणाने सारवलेलं, पुढे मोठं अंगण. अंगणाच्या कडेला मोठेबाबांचे पाय थांबले. कोणी अडवलं नव्हतं, ते आपोआपच थांबले, आजा जिथे उभा राहिला असता नेमके तिथे. मी त्यांचा कोट ओढला. पडवीत एक म्हातारी आणि एक बाई तूर पाखडत बसल्या होत्या. म्हातारीने कोट पाहिला. सूप टाकून धावत आली. आम्ही कोण, कुठले, कोणत्या वस्तीतले, हे सांगायची मी तयारी करून गेले होते, त्यावरून काय बोलणं होईल त्याला उत्तरंही ठरवून ठेवली होती. तिने काही विचारलं नाही. मोठेबाबांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या डोळ्यांत पाहत राहिली.

"तू होता का रे त्याच्यासंगं?"

"हो माय."

तिने त्यांना हाताला धरून पडवीत नेलं, बाजेवर बसवलं, स्वतः खाली बसली. पितळेच्या तांब्यातून पाणी दिलं. आजाने इतकी वर्षं ज्याची धास्ती आमच्या पाठीवर बांधली होती, ते त्या घरात त्या दिवशी नव्हतंच. असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. निदान त्यांना इतकी वर्षं वाट पाहायला लावण्याला काही कारण तरी मिळालं असतं.

मोठेबाबांनी सांगितलं. सावकाश, काही न लपवता. म्हातारीने मधे शब्द काढला नाही. शेवटी तिने विचारलं, पाणी कोणी पाजलं, आणि माती कोणी दिली? मोठेबाबा म्हणाले, पाणी मी पाजलं. माती नव्हती, बर्फ खणता येईना, मी दगड रचले. म्हातारीने मान हलवली. बरं केलं बाबा, म्हणाली. मग ती सुनेकडे वळली, आणि मला एकदम समजलं की आता काय होणार.

लक्ष्मी उठली नव्हती. सूप मांडीवर होतं. तिच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. शेजारच्या दोन बायका आल्या, म्हातारी मोठ्याने रडायला लागली, कोणीतरी बांगड्या फोडायला पाटा आणला. तिने स्वतःच हात पुढे केले. चौदा वर्षं सवाष्ण म्हणून राहिलेली ती बाई आमच्यापुढे, आम्ही आणलेल्या खबरीने, तेवढ्याशा वेळात विधवा झाली. काचा माझ्या पायापर्यंत आल्या. मी शिकून आले होते ते सगळं, की याला हात लावत नाहीत, याला मान देतात, ते खरंच होतं. आम्हाला कोणी हात लावला नाही. जे व्हायचं ते तिला झालं. मी अंगणात जाऊन बसले.

निघताना लक्ष्मी आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. सासूने नको म्हटलं तरी आली. मनगटावर बारीक रक्त होतं, ते तिने पदराने दाबून धरलं होतं. तिने मोठेबाबांना विचारलं, "माह्यासाठी काई म्हनले होते का?"

मोठेबाबा खाली पाहत म्हणाले, "म्हनले, लक्षुमीले सांग, वाट पाहू नको."

ती रडली नाही. आवाजही चढवला नाही.

"तवा मी अठरा वर्साची होती, दादा," ती म्हणाली.

मोठेबाबा "हो" म्हणाले. तिने पदर सोडून मनगट पाहिलं, रक्त थांबलं होतं, आणि ती घराकडे वळली.